न पाठवलेली तार
ऐंशीच्या दशकातल्या एका नाताळात माझ्या धाकट्या बहिणीने वसईच्या घरी लिहिलेली तार पाठवली नाही. ती वेधशाळेत संशोधक होती. सुट्टीवर निघण्याच्या आदल्या रात्री तिने दूरच्या दीर्घिकेत नुकताच फुटलेला तारा तपासला होता. त्याचा प्रकार सर्वांआधी कळवला, तर तिचे नाव पहिल्यांदा छापून येणार होते. ताऱ्याच्या प्रकाशात हायड्रोजन दिसला की दुसरा प्रकार, नाही दिसला तर पहिला. स्वयंपाकघरात नाताळचे फुगे, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळल्याचा वास होता आणि टेबलावरच्या त्या प्रकाशाच्या आलेखात हायड्रोजनची रेघ होती. “मग पाठव की,” मी म्हणालो. “रेघ फार बारीक आहे रे. स्फोटातल्या सुसाट वायूची असती तर रुंद पसरली असती. त्या दीर्घिकेतल्याच वायूची असेल.” एवढ्यात दुरून चर्चची मरणाची घंटा ऐकू आली. आमच्याकडे आवाजावरून आधी चर्च ओळखतात, मग कोण गेले ते विचारतात. बाबांनी कान दिला. “आपली नाय, पलीकडच्या गावची. उगाच रडायला बसू नकोस, बाय!” ती हसली आणि ‘दुसरा प्रकार’ असे लिहिलेला तारेचा कागद फाडला. “अजून एक रात्र बघायला हवं.” ती परतण्याआधीच दुसऱ्या वेधशाळेने प्रकार जाहीर केला: पहिला, हायड्रोजन नसलेला. त्यात तिचे नाव नव्हते.