शकूची जागा की पेट्रोलची टाकी?

दोन सीटांच्या मोटारीत तीन माणसं कशी बसवायची, या गणितानं गेल्या उन्हाळ्यात माझी झोप उडवली होती. मॅट्रिकला गणितात मला चांगले मार्क होते, पण हे कुठूनही सोडवलं तरी बाकी एकच यायची. एक माणूस उरायचं, आणि ते चार वर्षांचं असायचं. आमची शकू!

मैत्रिणींना वाटतं, मी या मोटारीचे किस्से मुद्दाम गोळा करते. छे हो! आमचे हे वर्कशॉपातून आले की खिशातले नट-बोल्ट कोनाड्यात ओततात. त्यांच्याबरोबर रोज एखादा किस्साही पडतो. नट-बोल्ट मी डब्यात भरते. किस्से कशात भरू? म्हणून सांगत सुटते.

*

ह्यांचं कोल्हापुरात शेतीच्या इंजिनांचे सुटे भाग करण्याचं छोटं वर्कशॉप आहे. भागीदार बापूभावजी. ते कसबा बावड्याचे. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ आणि आवाज असा की त्यांच्याशी बोलताना लेथ बंद करावं लागत नाही. या दोघांनी मिळून एक स्पोर्ट्स कार घ्यायची ठरवली. मुंबईच्या एजंटाकडून कॅटलॉग आला. एका पानावर साधी गाडी, दुसऱ्यावर स्पेशल. सगळं इंग्रजीत. मी इंटरपर्यंत शिकलेली, म्हणून वाचायला मला बोलावणं!

स्टुलावर बसून मी वाचलं, "साधीला एक कार्ब्युरेटर, स्पेशलला दोन."

"म्हंजे?" बापूभावजी.

दादू मिस्त्री हा वर्कशॉपातला सर्वांत जुना माणूस. त्यानं हात पुसत खुलासा केला, "साधीला नाकपुडी एक, हिला दोन."

बापूभावजी उडालेच. "मग एका नाकपुडीची घ्यायची कशाला? सर्दी झाली तर?"

पुढची ओळ मी जरा मोठ्यानं वाचली. साध्या गाडीत सीटमागं एक लहानसा बाक आहे, सामानासाठी किंवा लहान मुलासाठी. स्पेशलमध्ये त्या जागी पेट्रोलची जादा टाकी. ही ओळ मी दोनदा वाचली. कुणी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा ह्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे पुण्यापर्यंत मध्ये पेट्रोल भरायला नको!"

*

घरी सासूबाईंना चित्र दाखवलं. त्यांनी ते लांब धरून नीट पाहिलं.

"ह्याला छप्पर न्हाई?"

"कापडी आहे, आई. हवं तेव्हा दुमडता येतं," हे म्हणाले.

"बिनछपराची गाडी गावाकडं हाय की. बैल बी हाईत."

हे हिरमुसले नाहीत. स्पेशलची थोरवी सांगू लागले. साधीपेक्षा चढाला किती जोर, सपाटीला किती वेग, सगळं हातवारे करून.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वसंता, तू लवकर पोचून तिथं करणार काय?"

ह्यांनी कॅटलॉग मिटून काखेत मारला. खरं सांगते, तो प्रश्न मलाही पडला होता.

*

मग दादू मिस्त्रीनं तिसराच मार्ग काढला. साधी घ्यायची आणि वर्कशॉपात तिची स्पेशल करायची!

"बाक बी राहील आणि दुसरी नाकपुडी बी बसंल. ओतकामात होत न्हाई अशी वस्तू तरी कुठली हाय, वैनी?"

मी त्या दिवशी मिस्त्रीला दोन वेळा चहा पाठवला. आलं घालून!

दुसऱ्या नाकपुडीसाठी जोडभाग ओतला, कानस मारून घासला आणि आधी बापूभावजींच्या जुन्या मोटारीवर बसवून बघितला. संध्याकाळची वेळ. जवळच्या दूधकट्ट्यावर म्हशी धारेला उभ्या, आणि ताजं धारोष्ण दूध प्यायला माणसं पेले घेऊन रांगेत. तेवढ्यात ही मोटार वर्कशॉपातून निघाली. आवाज असा, की बापूभावजींना स्वतःचा आवाज ऐकू येईना! म्हशी दावी तोडून गंगावेशीकडे. मागं गवळी. त्यांच्यामागं पेले घेतलेली माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गवळी आपली म्हैस घेऊन थेट वर्कशॉपच्या दारात आला आणि तिला तिथंच बांधलं.

"कालच्या आवाजानं हिनं दूध चोरलंय, धारच देईना. आता तुमीच हिची समजूत काढा!"

दोन बड्या कारखानदारांनी दुपारपर्यंत म्हशीला पेंड चारली. दादू मिस्त्री तिच्या पाठीवरून हात फिरवत "चुकलं, बाई" म्हणत होता. साधीची स्पेशल करायचा बेत तिथंच बारगळला.

*

पण ह्यांना शकूचं काहीच वाटत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. एके दिवशी हे आणि मिस्त्री पट्टी, गुण्या, पेन्सिल घेऊन घरी आले आणि पोरीला मधोमध उभं करून मापं घेतली. कॅटलॉगातली मापं धरून स्पेशलच्या टाकीवर बसेल अशी चिमुकली सीट करायची! माप अगदी काटेकोर. मिस्त्रीचा हात कसबी, पण कामाला उशीर. पत्रा, गादी, वर लाल रेक्झिन, असं करत करत सीट व्हायला पावसाळा उलटला.

शकू हौसेनं बसायला गेली. बसेचना. मधल्या काळात आम्ही तिला जेवायला घातलं होतं!

मिस्त्रीनं सीट फिरवून फिरवून पाहिली. चेहरा अगदी पडला.

"चूक माझी हाय, वैनी. लोखंडाचं माप धरलं. लोखंड वाढत न्हाई."

मग त्यानं बाजू कापून सीट रुंद केली. मी रात्रंदिवस काळजी करणारी बाई, पण ती लाल सीट बघून मलाही वाटलं, चला, सुटलं एकदाचं गणित.

*

दिवाळीनंतर एजंट दोन्ही गाड्या घेऊन कोल्हापुरात आला. पुढं तो स्वतः, मागं त्याचा ड्रायव्हर. साधी हिरवी, स्पेशल लाल. वर्कशॉपासमोर तुडुंब गर्दी!

बापूभावजींनी दोन्ही गाड्यांना प्रदक्षिणा घातली, लाल मातीत जोड लावायच्या आधी पैलवान बघावा तशी. गुडघ्यावर बसून चाकं पाहिली. मग लाल गाडीच्या बॉनेटवर शाबासकीची एक सणसणीत थाप!

"सर, प्लीज! पेंट!" एजंट कळवळला.

"थाप सोसंना, ही पन्हाळ्याचा चढ काय सोसणार?"

तेवढ्यात मिस्त्री ती सीट छातीशी धरून आला आणि टाकीवर ठेवली. तंतोतंत बसली. टाळ्या!

एजंटानं विचारलं, "हे काय?"

"आमच्या मुलीची जागा," हे अभिमानानं म्हणाले.

एजंट पांढराफटक पडला. "साहेब, खाली पेट्रोल आहे!"

मिस्त्रीनं सीट उचलली आणि आत नेली. आमचं अख्खं वर्कशॉप सहा महिने मापं काढत होतं, आणि टाकीत काय असतं हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही!

*

हे म्हणाले, "निदान एक चक्कर मारू. येतेस?"

मी शकूचं बोट सासूबाईंच्या हातात दिलं आणि स्पेशलमध्ये बसले. हेतू एकच. तिच्यातली एकूण एक खोट शोधायची आणि परत येऊन सगळ्यांदेखत सांगायची. पदर खोचला, अंबाडा घट्ट केला, तोंडही घट्ट केलं.

पंचगंगेचा पूल ओलांडला आणि ह्यांनी पाय दाबला. दोन्हीकडचा ऊस सरळ पळायलाच लागला! वारा कानांत, डोळ्यांत, पदरात. अंबाड्याच्या पिना एकेक करून उडाल्या. मी ओरडले. ह्यांनी घाबरून करकचून ब्रेक लावला.

"भ्यालीस?"

"थांबवलीत कशाला?"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा अंतरपाट आत्ता दूर झालाय!

परत आलो तेव्हा एजंट कागद उघडून उभा होता. साधी की स्पेशल, आजच सांगा, पुढं बेळगावला दुसरं गिऱ्हाईक आहे. हे बापूभावजींकडे बघू लागले, बापूभावजी माझ्याकडे.

"वैनी, तुमी म्हणशीला ती. माझा शब्द."

"साधी," मी म्हणाले. "तिच्यात बाक आहे. शकू बसेल."

"बरं," बापूभावजी म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांनी मान डोलावली आणि लाल गाडीच्या चाकावरची धूळ उगीच रुमालानं पुसली. माझीही नजर तिकडंच गेली. काय करू?

ह्यांनी शकूला उचलून हिरव्या गाडीच्या बाकावर बसवलं. ती तिथं दोन मिनिटं बसली. मग आपणहून उतरली, लाल गाडीभोवती फिरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझे केस पार सुटले होते.

"आई, तू ह्या लाल गाडीतनं गेलतीस?"

"हो."

"मज्जा आली?"

मी खोटं बोलणार होते. शिकलेल्या, जबाबदार आईनं बोलावं तसं. तोंडून निघालं भलतंच. "खूप!"

शकूनं माझा हात धरून मला लाल गाडीच्या दाराशी नेलं.

"मग तू हीच घे. मी आजीपाशी थांबणार. जा तू. पण रडायचं न्हाई हं!"