लुआनताईंची दुसरी सुरई

आमच्या पंपांच्या कारखान्यात लुआन ग्वीचन कागदोपत्री कार्यालय सहायक होत्या. प्रत्यक्षात वेइफांगला, उत्तर चीनमधल्या आमच्या गावी, पाहुणे आले की गोल टेबलावर कोण कुठं बसणार हे त्याच ठरवत. दाराकडे तोंड करून मालक ताओ साहेब, त्यांच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा आणि दाराला पाठ करून उपयजमान म्हणून मी, विक्रीचा माणूस. यात बदल करायची ताओ साहेबांचीही टाप नव्हती.

ताई विसाव्या वर्षी कारखान्याच्या भोजनगृहात जेवण वाढायला लागल्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी अख्खा मासा टेबलावर ठेवला आणि त्याचं डोकं नेमकं पाहुण्यांच्या ड्रायव्हरकडे आलं. आमच्याकडची रीत अशी की ज्याच्याकडे डोकं, त्यानं आधी दारूचे तीन पेले घ्यायचे. ड्रायव्हरनं आनंदानं घेतले आणि सगळ्या मंडळींना मुक्काम करावा लागला. तेव्हापासून डोकं कुणाकडे येतंय ते बघून मासा ताईच ठेवत.

दोन वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या चांग्शाहून एका रसायन कंपनीचे खरेदीप्रमुख लियाओ आले. साठ पंपांची बोलणी होती. दुपारच्या जेवणाआधी ताई त्यांना हात धुवायची जागा दाखवायला गेल्या, तर ते गोळ्यांचं पाकीट डोळ्यांजवळ धरून वाचत होते.

"तब्येत बरी नाही का?" ताईंनी विचारलं.

"कुणाला सांगू नका, ताई. डॉक्टरांनी दारूचा थेंबही घेऊ नका म्हटलंय. पण तुमच्या साहेबांनी पेला उचलल्यावर मी नाही कसं म्हणू?"

"तुम्ही पेला रिकामा करत जा. भरायचं मी बघते."

आमच्याकडची दारू पाण्यासारखीच नितळ. ताईंनी सारख्या दिसणाऱ्या दोन छोट्या सुरया घेतल्या. एकीत दारू, दुसरीत उकळून गार केलेलं पाणी. वाढणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "आज पेले मी भरते. तू भाज्यांकडे बघ."

ताओ साहेबांनी पहिला पेला उचलला. मान द्यायचा म्हणून लियाओंनी आपला पेला त्यांच्या पेल्याहून खाली नेला. साहेबांनी आपला आणखी खाली नेला. असं करत दोघांचे पेले टेबलाला टेकले. मग मासा आला. लियाओंनी तीन पेले असे रिचवले की आम्ही टाळ्या वाजवल्या.

"दक्षिणेची माणसं पीत नाहीत असं कोण म्हणतं?" साहेब खूश झाले. त्यांनी आपला पेला पुढं केला. "ताई, माझाही यांच्याच सुरईतून भरा. दोघांनी एकाच सुरईतली घ्यायची."

ताईंचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी पेला भरला. साहेबांनी तो एका दमात संपवला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. लियाओंचा चेहरा उतरला होता.

"दारू जुनी दिसतेय," साहेब ओठ पुसत म्हणाले. "छान उतरते. आणखी एक द्या."

उरलेलं जेवण दोघे त्याच सुरईवर होते. नंतर ते दोन तास पंपांच्या गळतीवर बोलले आणि मला प्रथमच मालक जेवणानंतर आकडे न चुकता सांगताना दिसले. साठ नाही, पण चाळीस पंप ठरले.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी ताईंना बोलावलं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"त्यांनी कुणाला सांगू नका म्हटलं होतं."

"मी मालक आहे."

"म्हणून तर नाही सांगितलं. तुम्ही काळजीनं दहा वेळा त्यांच्या पेल्याकडे बघितलं असतं."

साहेबांना हसू आलं. "बरं. यापुढं बसल्याबरोबर प्रत्येकाला विचारायचं, दारू की चहा."

"सगळ्यांसमोर विचारलं तर चहा कोण म्हणेल?" ताई म्हणाल्या. "एकेकट्याला आधी फोनवर विचारते. गावाहून निघायच्या आधीच."

साहेबांनी मान डोलावली. ताई निघाल्या तसे ते हळूच म्हणाले, "माझ्यासाठीसुद्धा ती दुसरी सुरई ठेवत जा. रक्तदाबाचं बायको रोज ऐकवते."