आमच्या घराचा नकार

खैरानच्या समुद्रकाठच्या शॅलेत, म्हणजे भाड्याच्या बंगल्यात, दर हिवाळ्यात आमच्या गावच्या मंडळींचा मेळावा असतो. कुवेतमधली गावची सगळी घरं जमतात, वडे-सागोती होते, पोरं वाळूत इंग्रजीत भांडतात. त्या वर्षी मात्र जेवणाआधीच मंडळाच्या अध्यक्षांनी मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला. गावात देवाला कौल लावायचा होता आणि आम्ही तो व्हिडिओ कॉलवर बघणार होतो.

आमचं गाव म्हणजे खाडीतलं बेट. चहूकडे खारं पाणी, मधोमध देवाची राई. उंडी, सुरंगी, सातवीण, बेहडा, सगळी आपोआप रुजलेली झाडं. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. पाऊस त्या पाचोळ्यात मुरतो आणि राईखालच्या विहिरीला उतरतो, म्हणून मे महिन्यातही बेटावर गोडं पाणी असतं. माझी आई तिथे एकटी राहते आणि त्याच विहिरीवर जगते. ती विहीर मचूळ झाली तर होडीतून हंडे आणायचं तिचं वय राहिलेलं नाही.

अध्यक्ष अहमदीत राहतात. तिथल्या तेल कंपनीच्या जुन्या वसाहतीतली हिरवळ बघून बघून त्यांच्या डोक्यात भरलं, की राईतलं रान साफ करायचं, देवळाभोवती लॉन, फरशी आणि कडेने सुरूची रांग. "गावाक शोभा येतली," म्हणाले. अहो, इथे आपण समुद्राचं पाणी यंत्रात घालून गोडं करून पितो, तरी अक्कल येऊ नये? रुमैथियात आमच्या बिल्डिंगसमोर अशीच परक्या झाडांची शोभेची रांग आहे. तिच्या मुळांनी गटाराचे पाइप फोडले, दर उन्हाळ्यात आम्ही नाकाला रुमाल लावून फिरतो. आणि निघाले राईला शोभा आणायला!

पडद्यावर गुरवाने पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. "देवा, तुझ्या थळाची शोभा वाढवूची आसा, हुकूम दी." उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे होकार. शॅलेत टाळ्या वाजल्या.

मी उठले. "शोभेला कोण नाही म्हणेल? झाडं तोडू का, ते विचारा. विहीर घालवू का, ते विचारा!"

नवरा पुण्याचा. त्याने हळूच माझी ओढणी ओढली. "जाऊ दे ना गं, जेवण थंड होतंय."

"होऊ दे."

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाय, देवान हुकूम दिल्यान. आणि तुझा लगीन झाला, तू आता दुसऱ्या घरची. गावच्या कारभारात तुझा काय काम?"

माझं डोकंच फिरलं. "वर्गणी मागताना मी माहेरवाशीण, आणि तोंड उघडलं की परकी? मग ऐकाच. देवाने खरंच तोडा म्हटलं असतं, तरी मी नाहीच म्हटलं असतं!"

एका काकूंनी कानाला हात लावले. खोटं कशाला बोलू, देवाची भीती मलाही वाटली. पण शब्द मागे घेतला नाही.

राईचा एक नियम सगळ्यांना ठाऊक होता. गावातल्या एका घराने जरी नकार दिला तरी कोयता चालत नाही. पण घरातर्फे बोलायचं ते मानकऱ्याने, म्हणजे घरच्या पुरुषाने, आणि माझ्या माहेरी पुरुष उरलेला नाही. अध्यक्ष त्याच भरवशावर होते.

माझा आवाज फोनमधून देवळात पोचला होता. तिकडे बायकांच्या घोळक्यात हालचाल झाली आणि आई पुढे आली. देवळात ती आजवर कधीच बोललेली नव्हती. पदर सावरून ती गुरवाच्या शेजारी उभी राहिली.

"आमच्या घराचो नकार आसा," ती म्हणाली. "एकाही झाडाक हात लावूचो नाय."

गुरव गडबडला. मागून कुणीतरी पुरुष ओरडला, "पण ह्या घराचो मानकरी खंय?"

आईने मागे वळूनही पाहिलं नाही.

"चूल कोण पेटवता? मीच मा? मग मानकरी मीच."