झोपलेल्यांच्या वतीनं

"अगं बया, डाक्टरच आडवं झाल्यात की! आता आमच्या सुनंला कोन बघनार?"

थिएटरच्या अर्धवट उघड्या दारातून घोडेगावच्या एका सासूबाईंनी आत डोकावलं होतं. आत टेबलावर डोळे मिटून, हात पसरून माझे मोठे काका पडले होते. नगरच्या त्या छोट्या इस्पितळात ते भूल द्यायचे आणि नुकतीच डॉक्टर झालेली मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. "ते ठीक आहेत," एवढंच पुटपुटून मी दार लावून घेतलं.

झोपेवर काकांइतका अविश्वास असलेला माणूस जगात दुसरा नसेल. पेशंटला जसं ठेवायचं तसं आधी स्वतः पडून बघायचे. कोपराखाली, टाचेखाली काकूच्या जुन्या साड्यांच्या उश्या सारायचे. म्हणायचे, "जागा माणूस कूस बदलतो, कुरकुर करतो. भुलीतल्याची कुरकुर आपणच करायची." आणि ते खरोखर करायचे, तीही पेशंटच्या बोलीत. सर्जन ऐन कामात असताना उशाशी कण्हणं सुरू व्हायचं, "ओ दादा, माजं कोपार लई दुखतंय, जरा उशी सारा की." सर्जन वैतागायचे, "अहो सर, पेशंट झोपलाय!" "म्हणून तर मी बोलतोय," काका म्हणायचे. केडगावच्या एका लग्नात जेवणं झाल्यावर मंडळी आडवी झाली, तेव्हा त्यांनी व्याह्यांचा डोक्याखाली दबलेला हात हळूच सोडवायला घेतला. बोटात अंगठी होती. व्याही "चोर, चोर!" करत उठले. काकांनी शांतपणे विचारलं, "मुंग्या आल्यात ना?" आल्या होत्या. दुर्बिणीची ऑपरेशनं सुरू झाली आणि टेबल तिरकं करावं लागू लागलं, तेव्हा काकांनी आधी स्वतःला तिरकं करायला लावलं. ते घसरत घसरत थेट खालच्या बादलीत पाय घालून उभे राहिले. लगेच पेशंटला बांधायला रुंद, मऊ पट्टे शिवून आले.

सगळे हसायचे. मीही, तोंडावर मास्क असल्यामुळे. पुढे काकूनं यामागचं कारण सांगितलं. बेलापूरची एक बाई होती. ऑपरेशन उत्तम झालं, पण भुलीत तिचा हात टेबलाच्या कडेवर दबून राहिला आणि नंतर पंजा उचलेना. भाकरी थापता येईना. काका तिच्या घरी जात राहिले, ती त्यांना चहा देत राहिली, डाव्या हातानं. "तिनं एकदाही बोल लावला नाही गं," काकू म्हणाली. "तेच ह्यांना सोसलं नाही."

"तू कर ना एकदा पेशंटची कुरकुर," काका मला सांगायचे. पण माझं बोलणं आधी इंग्रजीत जुळायचं, मग मराठीत, आणि ओठांपर्यंत येईतो कुठल्याच भाषेत उरायचं नाही.

मग काकांच्याच पित्ताशयात खडे निघाले. त्याच टेबलावर, त्याच पट्ट्यांत ते झोपले. भूल द्यायला पुण्याहून एक डॉक्टर आले होते. दिवे मालवले, सगळे दुर्बिणीच्या पडद्याकडे बघू लागले. सर्जनचा हात थांबला. यकृतावर पांढऱ्या गाठी होत्या, एक नव्हे, बऱ्याच. नीट दिसावं म्हणून टेबल डावीकडे आणखी कलतं केलं.

मी हिरव्या चादरीखाली हात घातला, त्यांनी शिकवलं होतं तसा. त्यांचा डावा हात फळीवरून घसरून लोखंडी कडेवर दबला होता, वर सगळं अंग आलेलं. मला एकटीला तो सोडवेना. अंधारात सगळ्यांचे चेहरे पडद्यानं निळे झाले होते, आणि मला कळत होतं की त्या गाठींपुढे आता एका हाताचं कुणाला काय वाटणार. पण जेवढे महिने उरले होते तेवढे त्यांना कपबशी स्वतः दोन्ही हातांनी धरायची होती. उठल्यावर पंजा उचलला नसता, तरी काका मला एका शब्दानं बोलले नसते.

"ओ दादा," मी म्हणाले, मला वाटलं होतं त्याहून बऱ्याच मोठ्यानं, "माजा हात लई दबलाय. टेबल जरा सरळ करा की."