एकशे बारा पानांचा कंटाळा

महाराष्ट्रात कुठंही बालसाहित्यावर परिसंवाद झाला आणि त्याला आमच्या हिचे मामा हजर नव्हते, असं घडायला एक तर परिसंवाद तरी रद्द व्हावा लागे, नाही तर मामा तरी. भिवंडीतल्या एका साइझिंगमध्ये सुताला खळ लावण्याच्या खात्यात त्यांनी हयात काढली. पण रजा म्हणून जेवढी मिळाली, ती सगळी बालसाहित्याला लावली. आमंत्रण नसे. खांद्याला पिशवी लावून मामा पहिल्या रांगेत बसत आणि प्रश्नोत्तरांची वेळ झाली की उभे राहून दरवर्षी एकच प्रश्न विचारत, “सगळं छान. पण मुलं कुठायत?” एका गावी संयोजकांची पाच वर्षांची नात चुकून सभागृहात शिरली. तिच्या हातात बिस्कीट देऊन तिला बाहेर काढलं, तर निषेध म्हणून मामाही तिच्यासोबत बाहेर गेले आणि अर्धं बिस्कीट खाऊन परत आले.

त्यांचं संशोधनही मुलखावेगळं. नवं पुस्तक आलं की ते लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमाग चालवणाऱ्यांच्या, वस्तीतल्या पोरांत सोडायचं आणि महिन्यानं परत आणून तपासायचं: पानं किती फाटली, डाळीचे डाग किती, चावे किती. एका पुरस्कारप्राप्त कवितासंग्रहाचा त्यांनी निकाल दिला, “कोरं परत आलं हो. झुरळानंसुद्धा तोंड लावलं नाही.” या सगळ्यातून त्यांनी ‘बालकथेतील कंटाळ्याचे स्थान’ हा एकशे बारा पानांचा निबंध सिद्ध केला. संमेलनांत त्यांना सात मिनिटं देत. आभार संपेपर्यंत घंटा वाजे. पण मामांना त्याचं दुःख नव्हतं. त्यांना तो मुलांसमोर वाचायचा होता. “कंटाळा आला का, हे ज्यांना कळतं त्यांनीच सांगावं,” म्हणायचे. एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती.

म्हणून त्यांनी स्वतःच परिसंवाद भरवला. धामणकर नाक्याजवळ रफिकशेठच्या लूमच्या कारखान्यावर हॉल होता. खाली लूम चालू असले की वर स्वतःची शिंक स्वतःला ऐकू येत नसे, म्हणून मामांनी भारनियमनाचं वेळापत्रक पाहून वेळ ठरवली: अकरा ते दोन, लाइट नाही, लूम बंद. पुण्याच्या अध्यक्षबाई आल्या, ठाण्याचे दोन विद्वान आले आणि सतरंजीवर चाळीस पोरं. पहिल्या विद्वानांनी चार पानं वाचल्यावर एक चिमुरडी उठून म्हणाली, “काका, गोष्ट कवा चालू करनार?” मामांच्या डोळ्यांत पाणीच आलं. असला प्रश्न त्यांनी आयुष्यात कुठल्या परिसंवादात ऐकला नव्हता.

मग मामा उभे राहिले. “बालमित्रांनो, आणि इतरहो,” म्हणाले, पहिलं पान उघडलं, आणि भिवंडीच्या इतिहासात प्रथमच लाइट एक तास लवकर आली! खाली साठ लूम एकदम सुरू. हॉल थरथरला, अध्यक्षबाईंचा चष्मा नाकावरून टेबलावर आला, आणि चाळीसच्या चाळीस पोरं पिकल्या चिकूंसारखी टपाटप आडवी झाली.

मी जिना उतरून धावलो. “रफिकशेठ, तासभर बंद ठेवा!”

“मामांसाठी जान हाजिर हाय, भाऊ. पन लाइट आल्यावर लूम बंद? कारीगर मला वेडा समजतील.”

“अहो, पोरं झोपली!”

“झोपनारच! आवाजातच जन्मलीत ती. आमच्या घरी लूम बंद पडला का बारकी रडत उठते.”

वर आलो तर अध्यक्षबाई मामांच्या कानाशी ओरडत होत्या, “वाचा तुम्ही! घंटा नाही, वेळेचं बंधन नाही! आम्ही आहोत ना ऐकायला!”

“तुम्ही नेहमीच असता हो,” मामा म्हणाले. मघाच्या चिमुरडीचं डोकं सतरंजीवरून फरशीवर घसरलं होतं. मामांनी एकशे बारा पानं नीट जुळवून तिच्या डोक्याखाली सारली आणि ओठांवर बोट ठेवलं. साठ लूमांच्या त्या खडखडाटात तिघं विद्वान पोरं उठतील म्हणून दोन तास चवड्यांवर वावरले, आणि चर्चासत्र सगळं खाणाखुणांनी पार पडलं. इतका सभ्य वाद मराठी साहित्यात पुन्हा व्हायचा नाही.

त्यानंतर मामांनी निबंध कुठं वाचला नाही. आता ते वज्रेश्वरीला लेकीकडे असतात. मागच्या खेपेला मी मुद्दाम म्हटलं, “मामा, काढा तो निबंध. आज पूर्ण ऐकतो.”

त्यांनी चष्मा पुसून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “जावईबापू, वय काय तुमचं?”

“सत्तेचाळीस.”

“उशीर केलात हो,” ते म्हणाले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी खरंच ऐकला असता.