पाणी तीच भरत होती

विसाव्या वर्षी मी बांबूच्या ठेकेदाराकडे कारकून म्हणून लागलो. आमचं घर बिरसीजवळच्या पोवार शेतकऱ्याचं. घरात शाळा शिकलेला मी पहिलाच, आणि तेवढ्यावरच मला धानाच्या बांधीत उतरायची लाज वाटायची. वडील एकदा वैतागून म्हणाले, "नांगर नाही धरत, तं कलम धर." मी कलम धरली.

ठेकेदाराचा बांबू वरच्या जंगलातून वैनगंगेनं खाली यायचा. पाऊस ओसरला की बांबूचे तराफे बांधून पाण्यात सोडायचे आणि त्यांच्यामागे एक मोठी नाव चालायची. नावेवर तराफे सांभाळणारी दहाबारा माणसं, त्यांचा शिधा, दोरखंड आणि मी. प्रवास चारपाच दिवसांचा. नाव चालवणारा जातीनं ढिवर, म्हणजे नावाडी-कोळी होता. सगळे त्याला काका म्हणत आणि त्याच्या बायकोला काकी. रांधणं आणि पाणी काकीकडे. ढिवराच्या हातचं पाणी आमच्या भागात बामणापासून कुणब्यापर्यंत सगळ्यांना चालायचं.

नदीत राहायचं पण नदीचं पाणी प्यायचं नाही, हा काकीचा नियम ऐकून मी पहिल्या दिवशी हसलो. ती म्हणाली, "हासून घे बाबू. या नदीतून काय काय वाहून येते, ते मी पाहिलं हाय."

नावेच्या मधोमध, बांबूच्या ताट्याच्या सावलीत, वाळू पसरून तिनं दोन रांजण बसवले होते. एक वापरात, एक रिकामा. रिकामा रांजण ती रोज आतून राखेनं घासायची, उकळतं पाणी त्यात फिरवायची आणि दिवसभर उन्हाकडे तोंड करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्याची पाळी. पाणी विहिरीचं, तेही घाटापासून लांबच्या. दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायची, आणि ते फडकंसुद्धा रोज उकळायची. पाणी गढूळ दिसलं तर निवळीचं बी घागरीच्या आत घासायची, गाळ तळाला बसू द्यायची आणि वरचं तेवढं पाणी हलक्या हातानं रांजणात ओतायची. काढायला लांब दांड्याचं ओगराळं. कोणाचा हात आत जाता कामा नये.

माझा गेला. दुसऱ्याच दिवशी तहान लागली म्हणून मी झाकण सरकवलं आणि लोटा बुडवला. काकीनं पाहिलं. तिनं काकाच्या मदतीनं अख्खा रांजण नदीत पालथा केला. पुढचा घाट येईपर्यंत कोणालाच पाणी मिळालं नाही आणि बारा माणसं कोरड्या तोंडानं माझ्याकडे पाहत राहिली. घाटावर तिनं माझ्या हातात घागर दिली. "आता तूच आण. विहीर तिकडे, आंब्याच्या पल्याड." पाच खेपा केल्या. खांदा सोलून निघाला. त्यानंतर मी लोटा बुडवला नाही.

दोन हंगाम असे गेले. आमच्या नावेवर कोणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. तेव्हा ते मला विशेष वाटलं नाही.

तिसऱ्या हंगामात नदीकाठच्या गावांतून हैजा, म्हणजे कॉलरा पसरला. काही गावांत सरकारी माणसानं विहिरींत पाणी शुद्ध करायची लाल दवाई टाकली होती. काकी घाटावरच्या बायकांना विचारून तशीच विहीर शोधायची. त्या खेपेला ठेकेदाराचा मेहुणा नावेवर आला. नदी उतरत होती, माल लवकर पोचला पाहिजे, म्हणून देखरेखीला. त्याचं पाणी त्याच्या घरून आलेल्या पितळी घागरींत होतं, पाठीशी स्वतःचा गडी होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी रांजण तळाला लागला. काकीनं काकाला नाव काठाला घ्यायला सांगितलं. विहीर पाव कोसावर होती.

मेहुणा म्हणाला, "रुकना नहीं है. इतनी बड़ी नदी है, इसी का भर लो."

काकी म्हणाली, "वरच्या घाटावर मेलेल्यायच्या वाकळा धुऊन राहिले होते, मालक. आपण सगळ्यायनं पाहिलं. हे पाणी मी भरत नाही."

"तू नहीं भरेगी?"

"नाही भरत. तुमाले घाई हाय तं तुमी पुढं चाला. मी घागर घेऊन काठाकाठानं येतो."

सगळे ऐकत होते. एका ढिवरणीनं तोंडावर नाही म्हटलं, हे त्याला सोसलं नाही. त्यानं आपल्या गड्याला खूण केली. गड्यानं बादलीला दोर बांधला, ती नदीत सोडली आणि काकीचा तो घासून, वाळवून ठेवलेला रांजण काठोकाठ भरला. काकी मध्ये आली तेव्हा काकानंच तिचा दंड धरला. "चूप राह्य. काम जाईन." मी चार हातांवर बसलो होतो. मांडीवर वही होती. मी वहीत पाहत राहिलो.

माणसं उन्हात राबणारी. किती वेळ तहान मारतील? प्यायली. काकाही प्यायला. मेहुण्यानं मला आपल्या घागरीतलं दिलं आणि मी ते घेतलं.

दोन दिवसांत तिघं पडले. जुलाब, वांत्या, हातापायांना गोळे. त्यातला एक वाचला. एक तरुण गोंड गडी आणि काका वाचले नाहीत. शेवटी काका "पाणी दे" म्हणत होता. काकीनं चुलीवर पाणी उकळून, निववून, ओगराळ्यानं थेंब थेंब त्याच्या तोंडात घातलं. ते त्याच्या पोटात ठरलं नाही.

खालच्या घाटावर पोलिसांत वर्दी गेली. फौजदार आला, खाटेवर बसला. मेहुणा त्याला आधीच भेटला होता. मला पुढं बोलावलं.

"नावेवर पाणी कोण भरायचं?"

"ती बाई."

"नेहमी तीच?"

"होय, पाणी तीच भरत होती."

फौजदारानं लिहून घेतलं. त्या दिवशी कोणी भरलं, हा पुढचा प्रश्न त्यानं विचारला नाही. विचारला असता तर मी सांगितलं असतं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला बजावत आलो. काकी काकाच्या पायांशी बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बाकीची माणसं खाली पाहत होती. त्यांनाही पुढच्या हंगामात काम हवं होतं.

तिला शिक्षा झाली नाही. त्याची गरजच पडली नाही. बातमी तिच्याआधी तिच्या गावी पोचली. तिच्या हातात मरी आहे, असं लोक म्हणू लागले. ज्या घरांत ती लग्नाकार्यात पाणी भरायची, त्यांनी बोलावणं बंद केलं. मग विहिरीवर बायका तिला दोर देईनात. वर्षभरात ती गाव सोडून गेली. मी मात्र त्याच वर्षी ठेकेदाराच्या बांबू डेपोवर मुनीम झालो.

पुढं बऱ्याच वर्षांनी सौंदडच्या स्टेशनात ती मला दिसली. उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली होती. तिथं तिला कोणी ओळखत नव्हतं. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"काकी."

तिनं डोळे बारीक केले. "बाबू होय का तू?"

काहीतरी भलं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "काकी, मी तेव्हा खोटं नाही बोललो."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "खोटं बोलला असता तं कोणी तरी तुले टोकलं असतं."

माझा हात खिशात गेला. तो तिनं पाहिला.

"कायले उभा हायेस? पैसे नोको काढू. तुले नाही विकत मी. हट बाजूले, मागं गिऱ्हाईक हाय."

मी बाजूला झालो. माझी गाडी आली, पण तिच्या समोरून जाऊन चढायचं धैर्य झालं नाही. फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसून राहिलो. टोपली रिकामी झाली तेव्हा तिनं ती डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे न पाहता फाटकाकडे निघून गेली. मी पुढच्या गाडीनं गेलो. बायकोनं उशीर का झाला विचारलं. गाडी लेट होती, असं सांगून मी जेवायला बसलो.