सिद्रामप्पा छाप

उमरग्याच्या बाजारात सिद्रामप्पा शिंप्याचं दुकान होतं, आणि निजामाच्या राज्यात ते चांगलं चालायचं. कचेरीतले अंमलदार शेरवानी त्याच्याकडूनच शिवून घ्यायचे. गळ्याचं काज तो असं करायचा की बोट फिरवलं तरी धागा लागू नये. त्याचा त्याला गर्व होता, आणि गर्व लपवायची कला काही त्याला येत नव्हती. साध्या सदऱ्याचं गिऱ्हाईक आलं की कापड तो दोन बोटांत धरायचा, मेलेला उंदीर धरावा तसं.

मग पोलीस ॲक्शन झालं. निजामी गेली, तिच्याबरोबर शेरवान्याही गेल्या. नवे साहेब पँट-बुशकोटवाले, तेही सोलापुरातून शिवून आणणारे. सिद्रामप्पा दोन-तीन वर्षं नुसती इस्त्री तापवून बसला. "समदं हैदराबाद हिंदुस्थानात विलीन झालं, नागम्मा," तो बायकोला म्हणायचा. "म्या कशात विलीन व्हावं, ते कुणी सांगंना."

ते सांगायला रामकिसन आला. हा हैदराबाद-सोलापूर रस्त्यावर ट्रक चालवायचा. तापलेल्या सीटवर बसून बसून त्याच्या मांड्या सोलून निघायच्या. त्याला आतून घालायला ढगळ चड्डी हवी होती. सिद्रामप्पानं तोंड वाकडं केलं, पण नागम्मानं डोळे वटारले, तेव्हा माप घेतलं. हाताला मात्र शेरवानीचीच सवय. त्यानं चड्डीला अस्तर लावलं, पुढं पाच काजं केली, कडेला कॉलरीत घालतात तो ताठ बक्रम घालून कडक इस्त्री मारली.

रामकिसननं ती जमिनीवर टेकवली, तर ती आपली आपण उभी राहिली.

"मामा, ही घालून ट्रक चालवायचा का लग्नात मिरवायचं?"

सिद्रामप्पाला आधी राग आला. मग त्या उभ्या चड्डीकडं बघता बघता त्याला स्वतःचंच हसू फुटलं. त्यानं ती उसवली. अस्तर काढलं, काजं बुजवली, नाडी ओवली, दोन मांड्यांच्या मधे जादा तुकडा जोडला. पुढच्या खेपेला रामकिसन आणखी चार ड्रायव्हर घेऊन आला.

दोन वर्षांत त्या रस्त्यावरचे निम्मे ड्रायव्हर सिद्रामप्पाच्या चड्डीत बसून ट्रक हाकू लागले. मग त्याच्या डोक्यात आलं, मालाला छाप पाहिजे. बिडीला छाप असते, साबणाला असते, आपल्यालाच का नको? नाव ठरलं 'शाही चड्डी', वर मुकुट. खाली बारीक अक्षरात 'बनवणार सिद्रामप्पा, उमरगा'. मजकूर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला आणि स्वतःचं नाव ठसठशीत काढलं, कारण नाव मोठं काढलं की माणूस मोठा वाटतो, असा त्याचा समज. सोलापूरच्या छापखान्यानं कागदावर होतं तसंच छापलं. 'सिद्रामप्पा' बोटाएवढं, त्यावर मुकुट, आणि 'शाही चड्डी' खाली मुंगीएवढं. पाच हजार चिठ्ठ्या.

"परत छापून आना," नागम्मा म्हणाली.

"चूक माझ्याच अक्षराची हाय. आन् नाव काय वंगाळ हाय का?" सिद्रामप्पा म्हणाला. खरं म्हणजे मुकुटाखाली आपलं नाव बघून तो आतून सुखावला होता.

महिन्याभरात लोक दुकानात येऊन म्हणू लागले, "दोन सिद्रामप्पा द्या, ढगळ." ओढ्यावर बायका सिद्रामप्पा आपटू लागल्या. पंचाईत झाली नागम्माची. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही आणि तो कापड आणायला गेला की गल्ल्यावर तीच. "ह्यांच्यातला मोठा न्हाय," ती मान खाली घालून सांगायची. "सोमवारी येतील हे." हे म्हणजे चड्डी का मालक, ते गिऱ्हाइकानं समजून घ्यायचं.

साठ साली महाराष्ट्र झाला. शाळेत समारंभ होता. लेझमीच्या पोरांचे कपडे सिद्रामप्पानं फुकट शिवले होते, म्हणून त्याचा सत्कार होता आणि व्यासपीठाखाली मानाची खुर्ची. त्यानं पेटीतली जुनी शेरवानी काढली आणि मे महिन्याच्या उन्हात गळ्यापर्यंत गुंड्या लावून बसला. घामानं भिजला, पण ताठ.

हेडमास्तर राघवेंद्रराव सरळ मनाचे. ते म्हणाले, "आता आपण सिद्रामप्पांना वर घेऊ."

पुढच्या रांगेतून एक फिस्सकन आवाज आला. मग सगळं मैदान हसलं. सिद्रामप्पाचे कान तापले. उठून घरी जावं असं वाटलं. बायकांत बघितलं तर नागम्माही पदर तोंडाशी धरून गदगदत होती. मग जायचं तरी कुणाच्या घरी? तो पायऱ्या चढून वर गेला.

"हसा," तो म्हणाला. "निजामाच्या वक्ताला म्या लोकास्नी वरून झाकत होतो. तवा सायबांचे कोट समद्यांनी बघितले, शिंपी कुणी बघितला न्हाय. आता आतून झाकतो, तर समदा तालुका रोज सकाळी माझं नाव घेतो. देवाचं बी कुणी इतकं घेत नसंल."

टाळ्या थांबेनात. राघवेंद्ररावांनी चष्मा काढून डोळे पुसले.

पुढं चार-पाच वर्षांनी खोक्यातल्या, इलॅस्टिकच्या चड्ड्या आल्या. खोक्यावर दंड फुगवलेला पैलवान. सिद्रामप्पाला राहवेना. त्यानंही इलॅस्टिक आणून बारा चड्ड्या शिवल्या. इलॅस्टिक ताणलं गेलं ते परत आलंच नाही. आठवड्यात अकरा चड्ड्या परत आल्या. बाराव्या गिऱ्हाइकाची भर बाजारात, भाजीच्या दोन पिशव्या दोन्ही हातांत असताना, अब्रू गेली. सिद्रामप्पानं प्रत्येकाला नाडीची चड्डी बदलून दिली. आणि नंतर दुकानात येईल त्याला चहा पाजून, कुणाची कुठं घसरली ते तो स्वतःच रंगवून सांगायचा. पोरं इलॅस्टिककडं गेली, धंदा निम्मा झाला. ट्रकवाले मात्र त्याच्याकडंच राहिले. त्यांच्यासाठी तो शेवटपर्यंत शिवत होता.